खड्ड्यातून

अंताराम निकुरेला मी
बेचाळीस हंगाम खालून पाहिलं.
आमच्याकडे मंच मातीचा, पुढ्यात खड्डा.
खड्ड्यात ऑर्गन, ढोलक
आणि गुडघ्यावर वही धरून मी, प्रॉम्प्टर.
त्यामुळे त्याचा चेहरा मला उशिरा कळला,
पाय आधी.

पहिल्या वर्षी त्या पायांत पैंजण होते.
सतराचा असेल. ओठावर अजून लव.
लाखांदूरच्या मंडईत तो मालती झाला,
लग्न होऊन सासरी निघालेली लेक.
तणसावर बसलेल्या बाया पदर तोंडात कोंबून रडल्या
आणि विंगेत गेल्या गेल्या मालतीने
बिडी मागितली.

मग मिशी आली. कंपनीने
नागपूरहून खऱ्या बाया आणल्या.
त्याच नाटकात अंताराम नवरा झाला,
पुढे लाथेने दार उघडणारा दारुडा दीर,
टक्कल पडलं तेव्हा बाप.
वही तीच. पात्रांच्या यादीत
मी त्याचं नाव खोडायचो
आणि एक ओळ खाली लिहायचो.

दिवाळी ते होळी, रात्री दहाला उभा,
कोंबडं आरवल्यावर मोकळा.
दिवसा गाव शंकरपटाला जाई,
हा टेम्पोत पडद्यांच्या गुंडाळीवर झोपे.
उरलेलं वर्ष राईस मिलमध्ये पोती शिवायचा,
दाभण ओढताना संवाद म्हणायचा.
मिलचा मालक सांगे,
याची पोती रडत रडत शिवलेली असतात,
पण उसवत नाहीत.

एकदा सिनेमासुद्धा झाला.
नवेगावच्या जंगलात तीन दिवस शूटिंग,
हवालदाराचं काम, वाक्य एक:
‘साहेब, पावलं नदीकडं गेली.’
ब्रह्मपुरीच्या टॉकीजला आम्ही दोन ट्रॅक्टर भरून गेलो.
पडद्यावर अंताराम, भिंतीएवढा.
त्याने तोंड उघडलं
आणि आतून भलत्याचाच आवाज निघाला,
धुतलेला, इस्त्री केलेला.
अंधारात त्याची बहीण म्हणाली,
‘दादाचा गळा बसला होता का गा?’

परत येताना चुलबंदच्या पुलावर
तो ट्रॉलीत उभा राहिला.
‘साहेब, पावलं नदीकडं गेली.’
ड्रायव्हरने ट्रॅक्टर थांबवला.
खाली पाणी चाललेलं.
कोणीतरी म्हणालं,
‘हां, आता झाला पिक्चर.’

शेवटच्या चार हंगामांत वाक्यं सांडू लागली.
‘पुरं नोको सांगू मास्तर, टोक दे फक्त.’
मी टोक द्यायचो.
नंतर अर्धं. नंतर अख्खं,
इतकं की पहिल्या रांगेतली पोरं
त्याच्या आधी हसायची.

मागच्या माघात, पळसगावला,
पहाटेचा शेवटचा प्रवेश.
मालती पाया पडते. बापाने म्हणायचं:
‘जा पोरी, मागं वळून पाहू नको.’
मी दिलं. पुन्हा दिलं.
ऑर्गनवाल्याने काळी पाच धरून ठेवली.

अंतारामने खांद्यावरचा दुपट्टा
सावकाश डोक्यावर घेतला
आणि बारीक, फार जुन्या आवाजात म्हणाला:
‘बाबा, माझं ताट उद्यापण मांडा.
रिकामं राहिलं तरी मांडा.’

हे मालतीचं वाक्य. पान एकशे अकरा.

आरमोरीची आचल, वीस वर्षांची पोर,
तिचा तिसरा हंगाम.
ती उठली. पाठ ताठ केली.
त्याच्या टकलावरच्या दुपट्ट्यावर हात ठेवला:
‘जा पोरी, मागं वळून पाहू नको.’

कोणी हसलं नाही.
तणसातून एक म्हातारी,
गोधडीतून तोंडही बाहेर न काढता, बोलली,
‘मालती आली गा.’

वहीत लिहिलंय, बाप मंचावरच राहतो.
मला दिसत होते ते पाय,
भेगाळलेले, अंगठे आत वळवून
उजव्या विंगेकडे निघालेले.
मी पान उलटलं नाही.

विंगेत कोणीतरी काडी ओढली.